गोळी आणि नळी यांमधली फट

इतिहासाच्या तासाला १८५७ चा धडा आला की काडतुसांना लावलेल्या चरबीचा उल्लेख येतोच. मुले तो पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. पण एखादी चौकस मुलगी विचारू शकते, की काडतुसाला मुळात चरबी लावायचीच कशाला? दारू, गोळी आणि कागद या तीन वस्तूंमध्ये चरबीचे काय काम? इतिहासाच्या पुस्तकात याचे उत्तर सापडत नाही, कारण प्रश्न विज्ञानाचा आहे. विज्ञानाच्या पुस्तकात तो येत नाही, कारण १८५७ हा इतिहास! म्हणून या लेखात आम्ही तो जरा सविस्तर घेत आहोत. गोळीचा व्यास आणि नळीचा व्यास यांत जी बारीकशी फट असते, तिच्यात हे उत्तर दडलेले आहे.

जुनी बंदूक ठासणीची असे. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, तिच्यावर शिशाची गोळी सोडायची, आणि लांब गजाने ती खाली ठासायची. म्हणजे गोळी ज्या तोंडातून आत जाणार त्याच तोंडातून बाहेर पडणार. आत जाताना ती सैल असली पाहिजे, नाहीतर शिपाई लढाईच्या घाईत ती ठासणार कशी? पण बाहेर पडताना मात्र ती घट्ट असली पाहिजे, नाहीतर दारूचा वायू बाजूने निसटतो आणि गोळी नळीत इकडेतिकडे आपटत जाते. एकच गोळी, एकच नळी, आणि दोन परस्परविरोधी अटी. बंदूक बनवणारे कारागीर या पेचाशी तीनशे वर्षांहून जास्त काळ झगडत होते.

गोळी नळीच्या अगदी मापाची का करत नसत, याचे एक कारण रसायनशास्त्रात आहे. बंदुकीच्या काळ्या दारूत साधारणपणे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते. ती जळते तेव्हा सगळीच्या सगळी वायू होत नाही. वजनाने निम्म्याहून जास्त भाग पोटॅशियमच्या क्षारांच्या रूपाने घनच राहतो. त्यातला काही धूर म्हणून बाहेर पडतो आणि काही नळीच्या आतल्या बाजूला पुटासारखा चिकटतो. दहा-वीस बार काढले की नळी अरुंद होते. हवा कोरडी आणि उष्ण असेल तर हे पूट आणखी कडक होते. पहिल्या बाराला बरोबर बसणारी गोळी मग विसाव्या बाराला आत जातच नाही.

सैन्याने यावर सरळ मार्ग काढला. गोळी लहान करून टाकली. ‘ब्राउन बेस’ नावाने ओळखली जाणारी इंग्रजी बंदूक घेऊन कंपनी सरकारच्या पलटणी हिंदुस्थानभर लढल्या. तिच्या नळीचा व्यास सुमारे ०.७५ इंच आणि गोळीचा सुमारे ०.६९ इंच होता. फरक ०.०६ इंचाचा, म्हणजे दीड मिलिमीटर. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पण वायू निसटतो तो क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ०.६९ ला ०.७५ ने भागून वर्ग केला तर ०.८५ येतात. म्हणजे नळीच्या छेदापैकी १५ टक्के भाग उघडाच! हे गणित नववीच्या वर्गात फळ्यावर करून घेण्यासारखे आहे.

फळ्यावर आणखी एक गणित करता येईल. शिकारीच्या बंदुकीला ‘बारा बोअरची’ असे म्हणतात, ते आपण ऐकलेले असते. हे बारा म्हणजे इंच नव्हेत आणि मिलिमीटरही नव्हेत. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या ओतल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. त्याचा बारावा भाग ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४ धरली तर घनफळ ३.३३ घन सेंटिमीटर आणि गोलाचा व्यास १८.५ मिलिमीटर निघतो. सूक्ष्म अंतरे मोजायची साधने कारागिराच्या हाती नव्हती, पण तराजू होता. म्हणून त्याने व्यास वजनात मोजला. हाच हिशेब ब्राउन बेसला लावून पाहा. नळी साधारण अकरा बोअरची येते आणि गोळी मात्र पौंडाला चौदा बसणारी!

अशा सैल गोळीचे काय होते, याचा पद्धतशीर अभ्यास पहिल्यांदा केला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. त्याचे तोफाबंदुकांवरचे पुस्तक १७४२ मध्ये निघाले आणि १७४५ मध्ये ऑयलरसारख्या गणितज्ञाने भर घालून ते जर्मनमध्ये आणले. गोळीचा वेग मोजण्यासाठी रॉबिन्सने लंबकाची युक्ती काढली. जड लंबकावर गोळी झाडायची आणि लंबक किती मागे जातो त्यावरून वेग काढायचा. संवेग-अक्षय्यतेचे हे उदाहरण आजही अकरावी-बारावीच्या पुस्तकांत असते, पण त्याखाली रॉबिन्सचे नाव क्वचितच दिसते.

सैल गोळी नळीत ठेचकाळत जाते. शेवटची ठेच नळीच्या ज्या बाजूला लागेल त्याप्रमाणे तिला गिरकी मिळते, आणि गिरकी घेणारा गोल हवेत वळतो हे रॉबिन्सने ओळखले. टेबल-टेनिसच्या चेंडूला कट मारला की तो जसा वळतो तसेच हे. रॉबिन्सने एका बंदुकीची नळी तोंडाजवळ मुद्दाम डावीकडे वाकवली आणि पुढे ओळीने पातळ कागदांचे पडदे लावून बार काढला. गोळी आधी डावीकडे निघाली, पण पडद्यांवरची भोके पुढे पुढे उजवीकडे सरकत गेली! वाकलेल्या नळीत गोळी उजव्या बाजूला घासत गेली होती आणि त्या घर्षणाने मिळालेली गिरकी तिला उजवीकडे ओढत होती. (या परिणामाला आज माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव आहे; त्याचे काम शंभर वर्षांनंतरचे.) रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर म्हणून मद्रास किनाऱ्यावर आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

गिरकी टाळता येत नसेल तर ती हवी तशी द्यावी, हा विचार रॉबिन्सच्या आधीपासून चालत आलेला होता. नळीच्या आतल्या बाजूला पेचदार खाचा पाडल्या तर गोळी भोवऱ्यासारखी स्वतःच्या अक्षाभोवती फिरत बाहेर पडते आणि तिची दिशा टिकते. अशा नळ्या जर्मनीत पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून बनत होत्या. हीच रायफल. पण खाचांनी गोळीला फिरवायचे तर गोळीने खाचा पकडल्या पाहिजेत, म्हणजे फट नको. झाले, पुन्हा तोच पेच! अमेरिकेतले शिकारी गोळीभोवती तेल किंवा चरबी लावलेली चिंधी गुंडाळून ती ठासत. फट चिंधीने भरायची आणि वंगणाने घर्षण कमी करून पुटाला मऊ ठेवायचे. इंग्रजांनी १८०० च्या सुमारास ‘बेकर’ रायफल घेतली तेव्हा सुरुवातीला गोळी आत ठोकण्यासाठी शिपायांना लाकडी हातोड्याही दिल्या होत्या. साधी बंदूक मिनिटाला तीन बार काढते तिथे रायफल जेमतेम दोन काढी. म्हणून शंभर वर्षे रायफल निवडक नेमबाजांच्या हाती राहिली आणि पलटणींच्या हाती सैल गोळीची बंदूक.

येथे थोडे शिशाविषयी. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. चुलीवरच्या पळीत ते वितळवता येते, म्हणून गोळ्या घरीच ओतल्या जात. दोन भागांच्या चिमट्यासारख्या साच्यात शिसे ओतायचे, थिजले की साचा उघडायचा आणि ओतताना राहिलेले शेपूट कापायचे. अमेरिकेत रायफल घेणाऱ्याला कारागीर तिच्याबरोबर तिचाच साचा देई. गोळी आणि नळी यांची जोडी लावून देण्याची ही पद्धत उत्तम होती, पण एका माणसापुरती. पन्नास हजार बंदुकांसाठी एकाच मापाची गोळी ओतायची तर सर्वांत अरुंद नळीत सर्वांत मोठी गोळी जाईल असे माप धरावे लागते.

आणि ओतीव गोळी नेमक्या मापाची निघतच नाही. द्रव शिसे थिजताना त्याचे घनफळ साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. ते भरून काढायला वरून शिसे मिळाले नाही तर गोळीत पोकळी राहते. थिजल्यावरही आकुंचन चालू असते. शिशाचा रेषीय प्रसरणांक अंशामागे ०.००००२९ आहे. ३२७ पासून २७ अंशांपर्यंत ३०० अंश थंड होताना १४.४ मिलिमीटर व्यासाची गोळी सुमारे ०.१२५ मिलिमीटरने आटते. साचाही तापून फुगलेला असतो आणि दर ओतीला त्याचे तापमान वेगळे. हा आकडा लक्षात ठेवावा. तो पुढे लागणार आहे. यावर उपाय असा, की गोळी जराशी मोठी ओतायची आणि मग पोलादातल्या ठरावीक मापाच्या भोकातून दाबून काढायची. सोनार तार बारीक करताना भोके पाडलेल्या पोलादी पट्टीतून ती ओढतो, तेच तत्त्व. शिसे इतके मऊ असते की नखानेही त्यावर ओरखडा उठतो, त्यामुळे ते मुकाट्याने मापात येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वूलिचच्या सरकारी कारखान्याने तर ओतणेच सोडले आणि शिशाच्या सळईपासून यंत्राने दाबून गोळ्या काढायला सुरुवात केली.

मूळ पेच मात्र सुटला तो शिशाच्या याच मऊपणामुळे. गोळी आत जाताना सैल ठेवायची आणि बार उडाल्यावर ती आपोआप फुगून घट्ट व्हावी, अशी काही योजना करता येईल का? जॉन नॉर्टन या इंग्रज कॅप्टनने १८२३ मध्ये बुडाला पोकळी असलेली लांबट गोळी सुचवली. असे सांगतात, की दक्षिण हिंदुस्थानात असताना त्याने फुंकनळीतून बाण मारणारे लोक पाहिले होते. त्यांच्या बाणाच्या बुडाला कमळाच्या देठाचा मऊ गाभा लावलेला असे. फुंकर बसली की तो फुगून नळीला घट्ट बसे आणि हवा वाया जात नसे. आमच्या कोकणातली मुले बांबूच्या नळीत हिरवी फळे ठासून फटकन उडवतात. ती खेळलेल्या कुणालाही नॉर्टनचे म्हणणे लगेच पटेल. फळ सैल असेल तर नुसता फुस्स आवाज येतो.

नॉर्टनची गोळी सैन्याने घेतली नाही. विल्यम ग्रीनर या बंदूककाराने १८३५ च्या सुमारास बुडाच्या पोकळीत पाचर बसवलेली गोळी करून दाखवली, तीही नाकारली. शेवटी क्लोद मिनिए या फ्रेंच कॅप्टनची गोळी १८४९ मध्ये यशस्वी ठरली. तिच्या बुडाच्या निमुळत्या पोकळीत लोखंडाची छोटी वाटी असे. बार उडाला की वायूचा दाब वाटीला पोकळीत पुढे रेटतो, वाटी शिशाच्या कडा बाहेर ढकलते आणि त्या कडा नळीच्या खाचांत घट्ट बसतात. आत जाताना सैल आणि बाहेर येताना घट्ट! ब्रिटिश सरकारने यासाठी मिनिएला २०,००० पौंड दिले. आपली कल्पना आधीची आहे असे ग्रीनर सांगत राहिला, तेव्हा १८५७ मध्ये त्याला १,००० पौंड मिळाले. नॉर्टनचे नाव तर फक्त अभ्यासकांना माहीत. फुंकनळीवाल्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही.

या गोळीने युद्धाचे स्वरूप पालटले. साध्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नसे, तर नव्या रायफलीची गोळी त्याच्या कित्येक पट अंतरावर लागू लागली. क्रिमियाच्या युद्धात आणि नंतर अमेरिकेच्या यादवी युद्धात हे दिसले. मऊ आणि जड शिशाची ही गोळी हाडावर आदळली की हाडाचा चुरा होई आणि शल्यवैद्यापुढे हात किंवा पाय कापण्याखेरीज मार्ग उरत नसे.

इंग्रजांनी याच तत्त्वावर १८५३ मध्ये एन्फिल्ड रायफल काढली. आता मापे नीट पाहू. नळीचा व्यास ०.५७७ इंच, गोळीचा ०.५६८ इंच. फरक ०.००९ इंच, म्हणजे ०.२३ मिलिमीटर, दोन्ही बाजूंना मिळून. एका बाजूला ०.११ मिलिमीटर. वहीची शंभर पाने एकत्र दाबून पट्टीने मोजा. साधारण एक सेंटिमीटर भरतील, म्हणजे एक पान ०.१ मिलिमीटर. ब्राउन बेसमधली दीड मिलिमीटरची फट आता एका बाजूला वहीच्या एका पानाएवढी उरली होती. (मघाचे ०.१२५ मिलिमीटर आठवावे. गोळी थंड होताना जेवढी आटते ते या एकूण फटीच्या निम्म्याहून जास्त आहे. ओतीव गोळीचे दिवस का भरले होते, ते यावरून कळते.)

आणि ही फटसुद्धा मोकळी नव्हती. ती कागदाने भरायची होती. काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. शिपाई एका हाताने रायफल धरी, दुसऱ्या हातात काडतूस. म्हणून दारूकडचे टोक तो दाताने फाडी, दारू नळीत ओती, मग सुरळी उलटी करून गोळीचे टोक कागदासकट नळीत घाली, उरलेला कागद तोडून टाकी आणि गजाने ठाशी. गोळीभोवतीचा कागद अशा घट्ट जागेतून, पुटाने खरबरीत झालेल्या नळीतून सरकायला हवा, म्हणून गोळीकडच्या टोकाला बाहेरून वंगण लावलेले असे. ते वंगण म्हणजे चरबी आणि मेण.

आपल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. काडतूस दाताने फाडणे हिंदी शिपायांना नवे नव्हते. ब्राउन बेसची काडतुसे ते पिढ्यानपिढ्या तशीच फाडत आले होते. पण त्या काडतुसांना वंगण नसे, कारण सैल गोळीला वंगण लागतच नाही. फट मिटवायला निघाल्यावर वंगण आले.

ते वंगण चरबीचेच असले पाहिजे असा मात्र निसर्गाचा नियम नव्हता. याआधी काही मोजक्या तुकड्यांकडे रायफली होत्या आणि त्यांच्या चिंध्यांना मेण व तेल लावत. १८५३ मध्ये एन्फिल्डची वंगण लावलेली काडतुसे इंग्लंडहून हिंदुस्थानात चाचणीसाठी पाठवली गेली. चाचणी कशाची? येथल्या उन्हाळ्यात वंगण वितळते का, टिकते का, याची. ती शिपायांच्याच पट्ट्याला बांधलेल्या पिशव्यांतून महिनोन्‌महिने वागवली गेली आणि वंगण टिकते असा निष्कर्ष निघाला. चरबी कोणत्या जनावराची आहे, हा प्रश्न चाचणीत नव्हता. बंगाल सैन्याचा अॅडज्युटंट जनरल कर्नल टकर याने त्याच वर्षी डिसेंबरात लेखी इशारा दिला होता, की या वंगणाने धर्माला बाध येत नाही याची खात्री झाल्याशिवाय ही काडतुसे हिंदी पलटणींना देऊ नयेत. तो कागदावरच राहिला. आम्हा प्रयोग करणाऱ्या लोकांना हा प्रसंग जरा बोचतो. वितळणबिंदूची चाचणी चोख झाली होती.

पुढचा भाग परिचयाचा आहे. १८५६-५७ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये एन्फिल्डची काडतुसे बनू लागली. गायीची वा डुकराची चरबी त्यात येऊ नये अशी कोणतीही खबरदारी तेथे घेतलेली नव्हती. डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे नव्या रायफलीचे शिक्षण सुरू होणार होते. जानेवारी १८५७ मध्ये डमडमला कुजबुज सुरू झाली. २७ जानेवारीला सरकारने हुकूम काढला, की शिक्षणकेंद्रांतली काडतुसे वंगणाशिवाय द्यावीत आणि शिपायांनी त्यांना हवे ते वंगण स्वतः लावावे. मार्चमध्ये दाताऐवजी हाताने फाडण्याची मुभाही दिली. पण तोवर संशय वंगणावरून कागदावर गेला होता. कागद चकचकीत दिसतो, म्हणजे त्यातही चरबी असणार. २४ एप्रिलला मेरठच्या ९० घोडेस्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. ती काडतुसे जुन्याच प्रकारची होती, त्यांना चरबी नव्हती. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ वाचलेल्यांना पुढची धामधूम ठाऊक आहे. त्या उठावामागे खालसा झालेली संस्थाने होती, जमीनमहसूल होता, पलटणीतले अपमान होते. काडतूस हे एकमेव कारण नव्हते, पण ठिणगी पडली ती तेथे.

उठावानंतर एन्फिल्डच्या गोळीचे माप पुन्हा बदलले. येथल्या कोरड्या उन्हात पूट कडक होऊन ०.५६८ इंचाची गोळी ठासणे जड जाई. १८५९ मध्ये तिचा व्यास ०.५५ इंच केला आणि बुडाच्या पोकळीत लाकडी गुडदी बसवली, म्हणजे ती जास्त फुगेल. फट तिप्पट झाली, तरी नेम राहिला. काही वर्षांतच मागून भरायच्या रायफली आल्या आणि सारा पेचच संपला. गोळीला तोंडातून आत जायचेच नाही, मग ती नळीपेक्षा किंचित मोठी ठेवली तरी चालते. दारूचा दाब तिला खाचांत रेटून बसवतो. ब्रिटनने १८६६ पासून एन्फिल्डच्याच नळ्यांना मागे झडप बसवून स्नायडर रायफली केल्या. तिचे काडतूस धातूचे होते आणि फाडायचे नव्हते.

हिंदी पलटणींना मात्र यातले काही लगेच मिळाले नाही. त्यांच्यासाठी १८५८ चा एक खास नमुना निघाला. बाहेरून तो एन्फिल्डसारखाच दिसे, पण नळी आतून गुळगुळीत होती आणि व्यास ०.५७७ वरून ०.६५६ इंचांवर नेलेला होता. गोऱ्या शिपायाची गोळी शेकडो यार्डांवर नेमकी लागत असताना हिंदी शिपायाच्या हाती पुन्हा शंभर यार्डांची बंदूक आली.